पणजीच्या लुगड्याचा रंग कोणता?

दिवाळीच्या आधीची साफसफाई निघाली, की भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. वर्षभर ज्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहिलेले नसते, त्या पणजोबांच्या काचेवरून फडके फिरते, मागे कोळ्याने बांधलेले घर झाडले जाते आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते, की फोटो पार उडत चालला आहे. पूर्वी निदान मिशा तरी दिसत होत्या; आता त्याही पिवळ्या धुक्यात गेल्या. घरात चर्चा होते. एखादा पुतण्या मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेऊन ठेवतो. आणि हाताशी चार पैसे असलेला एखादा काका म्हणतो, "आपण याचे मोठे तैलचित्रच करून घेऊ या. चित्रकाराला काय, फोटो दिला की झाले!"

फोटो दिला की झाले, हे वाक्य अशी चित्रे करणाऱ्या माझ्यासारख्याला दर महिन्या-दोन महिन्यांनी ऐकावे लागते. ते बोलणाऱ्याचा त्यात दोष नाही. फोटो म्हणजे खरे, चित्र म्हणजे कल्पना, अशी आपली साधी समजूत असते. जुन्या फोटोच्या बाबतीत मात्र ही समजूत बरीचशी उलटी करून घ्यावी लागते. तो फोटो काय काय लपवतो हे एकदा कळले, म्हणजे चित्रकाराकडे जाण्यापूर्वी आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जावे लागते, हेही कळते.

छायाचित्रणाची विद्या आपल्याकडे फार लवकर आली. पॅरिसमध्ये हा शोध १८३९ साली जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे हौशी आणि जाणते छायाचित्रकार. पाठोपाठ १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टची सुरुवात झाली. पण ही सारी मोठ्या शहरातली आणि मोठ्या लोकांची गोष्ट. तुमच्याआमच्या घरातल्या माणसांचे फोटो निघू लागले ते कारखान्यात तयार होणाऱ्या कोरड्या काचा बाजारात आल्यावर, म्हणजे १८८० नंतर. तोही आयुष्यात एकदा. मुंज, लग्न, नोकरीतील बढती किंवा काशीयात्रा असे काही तरी निमित्त लागे. फोटो काढला की आयुष्य कमी होते, ही भीती तर होतीच. कित्येक घरांत माणसाचा एकुलता एक फोटो निघाला तो त्याचे डोळे मिटल्यानंतर, भिंतीला टेकवून, अंगावर शाल घालून. असे फोटोही आमच्याकडे येतात. "तेवढे डोळे उघडून द्या," असे हलक्या आवाजात सांगितले जाते. मग मुलाचे किंवा नातवाचे डोळे समोर घेऊन ते उघडावे लागतात.

जिवंतपणी काढलेल्या फोटोत तरी माणूस मोकळा असे काय? काचेवर ओला लेप लावून फोटो घेण्याच्या काळात कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी दांडी आणि तिला डोके धरणारा चिमटा असे. पणजोबांच्या चेहऱ्यावरचा जो करारीपणा आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दाखवीत आलो, त्यातला काही वाटा त्या चिमट्याचा! शेजारच्या टेबलावरचे जाड पुस्तक, घड्याळ, फुलदाणी आणि मागचे रंगवलेले खांब ही बहुधा स्टुडिओची मालमत्ता. कोटसुद्धा कधी कधी तिथलाच. फोटो निघाल्यावर रिटचिंग करणारा कारागीर काचेवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवी. पापणी लवल्यामुळे डोळा पुसट आला असेल, तर तोही तोच रेखी. म्हणजे ज्या डोळ्यांवर आपण चित्र बेतणार, ते कदाचित कुणा अनामिक कारागिराच्या हातचे असतात.

आकाराची अडचण आणखी निराळी. त्या काळी कॅबिनेट नावाचे जाड पुठ्ठ्यावरचे फोटो प्रचारात होते, सुमारे सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच. त्यात माणूस पायापर्यंत उभा असला, की त्याचा चेहरा अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठा नसतो. तो माणसाच्या खऱ्या मापाचा करायचा म्हणजे बारा-पंधरा पट वाढवायचा. फोटोतली केसाएवढी चूक चित्रात दोरीएवढी होते. म्हणून फोटोवर चौकोन आखून तेच चौकोन मोठे करीत जाण्याची जुनी पद्धत, किंवा हल्लीची प्रोजेक्टरची पद्धत, चेहऱ्याच्या बाबतीत पुरी पडत नाही. हाड कुठे आहे, मांस कुठे आहे, हे ठाऊक असणाऱ्यानेच ती रेघ ओढावी लागते. मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या चित्रकारांनी व्यक्तिचित्रणात नाव मिळवले, रावबहादूर धुरंधर, सावळाराम हळदणकर, बाबूराव पेंटर यांच्यासारखी माणसे या प्रांतात झाली, त्यामागे समोरच्या माणसाकडे पाहून रेखाटण्याची वर्षानुवर्षांची तालीम होती. फोटोवरून चित्र करायलाही तीच तालीम लागते. किंबहुना थोडी जास्तच. आपल्या जुन्या वाचनालयांतून आणि नगरपालिकांच्या सभागृहांतून थोर पुरुषांची जी तैलचित्रे टांगलेली असतात, त्यांतली कित्येक एकाच माणसाची आवळीजावळी भावंडे का वाटतात, त्याचे उत्तर इथे आहे. माणूस गेल्यावर फोटोवरून घाईने केलेली ती कामे. पगडी निराळी, खाली चेहरा तोच.

पण माझ्या मते या सर्वांहून मोठी फसगत रंगांची असते, आणि तिच्याविषयी घराघरांतून फारच थोडी माहिती आहे.

फोटो काळापांढरा आहे एवढे आपण जाणतो. त्यातला काळा म्हणजे गडद आणि पांढरा म्हणजे फिका, असे धरून चालतो. जुन्या प्लेटा मात्र आपल्या डोळ्यांसारख्या पाहत नसत. त्यांना निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा चांगला दिसे. तांबडा, पिवळा आणि हिरवा जवळजवळ दिसतच नसे. पुढे हिरवा-पिवळा ओळखणाऱ्या प्लेटा निघाल्या. सर्व रंग पकडणाऱ्या प्लेटा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या, आणि गावोगावच्या स्टुडिओंत त्या रुळेपर्यंत आणखी कितीतरी वर्षे गेली. याचा परिणाम काय होतो पाहा. निळे आकाश अशा फोटोत पांढरेफटक येते. आकाशी रंगाचे लुगडे पांढरे वाटते. आणि ज्या ज्या वस्तू आपल्याकडे मंगल मानल्या, म्हणजे कुंकू, हळद, हिरवा चुडा, पिवळा पीतांबर, शेंदरी पागोटे, त्या सगळ्या काळ्या होऊन बसतात! लोकमान्यांची पगडी लाल होती हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे; पण त्यांच्या जुन्या फोटोंतून ती काळीच दिसते. आपल्याला आधीच ठाऊक आहे म्हणून तिथे आपण फसत नाही. पणजीच्या लुगड्याविषयी मात्र आपल्याला काही ठाऊक नसते, आणि "पणजी काळे लुगडे नेसायची" अशी दंतकथा घरात रूढ होते.

तीच गोष्ट वर्णाची. आपल्या कातडीत तांबूस-पिवळी झाक असते. ती त्या प्लेटेला दिसत नसल्यामुळे गव्हाळ माणूस सावळा आणि सावळा माणूस काळाकुळकुळीत उमटतो. "आमचे आजोबा गोरे, मग पणजोबा एवढे काळे कसे?" असे कोडे कित्येक कुटुंबांना पडलेले असते. पणजोबा बहुधा आजोबांइतकेच गोरे होते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातील फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तिघी जणी, एक जपानची, एक सीरियाची आणि एक आपली, आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. खाली १० ऑक्टोबर १८८५ अशी तारीख आहे. आता या फोटोला रंग द्यायला बसलात, तर नऊवारीचा पोत कळेल, निऱ्या मोजता येतील, दागिने ओळखता येतील. रंग मात्र तो फोटो सांगणार नाही. हल्ली संगणकाकडून जुन्या फोटोत रंग भरून घेण्याची टूम निघाली आहे. मुलांना त्याचे मोठे कौतुक वाटते, आणि क्षणभर गंमतही वाटते हे खरे. पण संगणक करतो तो शेवटी अंदाजच. तो पणजीला भेटलेला नाही. भेटलेली माणसे निराळी असतात आणि ती आपल्याच घरात, बहुधा आतल्या खोलीत, पलंगावर बसलेली असतात.

अशाच एका कामाची हकीकत सांगतो. एका सुशिक्षित, सुस्थितीतल्या कुटुंबाने पणजोबा-पणजींची जोडीने तैलचित्रे सांगितली होती. पणजोबांचा फोटो ठीक होता: पगडी, उपरणे, हातात काठी. पणजींचा फोटो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९१० च्या सुमारास निघालेला. पस्तिशीची बाई खुर्चीवर बसली आहे, शेजारी टोपी घातलेला मुलगा उभा. बाईंच्या अंगावर काळपट लुगडे. पदर कपाळापर्यंत ओढलेला. गळा, कान, हात सगळे मोकळे. पाहणाऱ्याला काही सांगायला नको. पणजोबा तिच्या पंचविशीतच गेले होते.

घरच्यांची सूचना अशी, की पणजींना नथ घाला, कपाळी कुंकू लावा, हातात हिरवा चुडा भरा आणि ते काळे लुगडे काढून छानशी पैठणी नेसवा. "दोघांची चित्रे शेजारी शेजारी लावायची आहेत, जोडा शोभला पाहिजे," असे थोरले भाऊ म्हणाले. मागणी वाईट हेतूने केलेली नव्हती. उलट पणजीला आयुष्यात जे मिळाले नाही, ते चित्रात तरी द्यावे, असा तिच्यात जिव्हाळा होता. आणि तसे करणे चित्रकाराला अवघडही नसते. नथीचा मोती रंगवायला असा कितीसा वेळ लागतो?

पैठणीचा रंग ठरवायला म्हणून मी घरातल्या सर्वांत वडील माणसाला भेटायचे ठरवले. त्या या मंडळींच्या आत्या. नव्वदीला टेकलेल्या, कानाने अधू, पण स्मरण लख्ख. त्यांच्या लहानपणी ही आजी हयात होती. त्या बारा वर्षांच्या असताना गेली. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "काळे कुठले? हे आलवण. लाल असते ते. आजीचे धुऊन धुऊन विटकरी झाले होते."

पैठणीचा विषय काढताच त्यांनी मान हलवली. "तशी ती आम्हांला कधी दिसलीच नाही हो. तुम्ही नथ घातलीत तर मी तिला ओळखणार कशी?"

मग त्या सांगत गेल्या आणि मी टिपून घेत गेलो. आजीचा वर्ण केतकी. डावी भुवई मधोमध तुटलेली, लहानपणी पाटा लागला होता म्हणून. हातांना सदा सुंठीचा वास. चाळिशीला आल्यावर ती मुलाकडून अक्षरे शिकली आणि मग दुपारी नातींना पाटीवर गिरवायला बसवी. शेवटी मी कुंकवाविषयी विचारले. त्या म्हणाल्या, "कुंकू नव्हते. पण कपाळावर गोंदण होते, हिरवे, मुगाएवढे. लहानपणी गोंदलेले. कुंकू पुसले, ते काही कुणाला पुसता आले नाही."

फोटोत त्या गोंदणाचा मागमूस नव्हता. नसणारच. कपाळावर पदराची सावली, आणि निळ्यालाच तेवढी ओळखणाऱ्या त्या प्लेटेवर निळसर-हिरवे गोंदण कातडीच्या छटेत मिसळून जाते. भिंगातून पाहिले तरी हाती लागत नाही. शंभराहून अधिक वर्षे ती तसबीर त्या घरात होती आणि आत्याबाईंखेरीज एकालाही त्या ठिपक्याची वार्ता नव्हती.

घरात यावरून बरीच वादावादी झाली. आलवणातली बाई दिवाणखान्यात लावायची, तीही सणासुदीला, हे थोरल्या भावांना पटेना. धाकट्या सुनेचे म्हणणे असे, की आजीने त्या वेषात तीस-पस्तीस वर्षे घर चालवले, मुलांना शिकवले. तिचे सारे कर्तृत्व त्याच वेषातले आहे, मग तो लपवून आपण कुणाची लाज झाकतो आहोत? १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून त्यांना वाळीत टाकणारा समाज आपलाच; त्या समाजाचा रंग चित्रातून पुसला, म्हणजे तो नव्हता असे होत नाही. मला स्वतःला सूनबाईंचे म्हणणे पटले. शिवाय आमच्या धंद्याचेही एक साधे तत्त्व आहे: जे चित्र पाहून माणसाला ओळखणारा ओळखू शकत नाही, ते व्यक्तिचित्र नव्हे, ते कॅलेंडर.

चित्र आलवणातलेच झाले. केतकी वर्णासाठी आत्याबाईंनाच सकाळच्या उजेडात खिडकीशी बसवले. आजीचा कान आणि मनगट त्यांच्याकडे जसेच्या तसे उतरले होते. घराण्यात कान सहसा बदलत नाहीत, हा माझा अनुभव आहे. यलो ऑकर, थोडा व्हर्मिलियन, पांढरा आणि सावलीत किंचित हिरवी छटा, एवढ्यावर आपल्याकडची कातडी बहुतेक साधते. बाजारातल्या डब्यावर 'फ्लेश टिंट' म्हणून जो गुलाबी रंग मिळतो, तो परक्या कातडीसाठी आहे. आलवणासाठी बर्न्ट सिएनात लाल मिसळून घडीघडीला फिका केला. तुटकी भुवई फोटोत रिटचिंगवाल्याने जोडून टाकली होती. ती पुन्हा तोडली. आणि शेवटच्या दिवशी कपाळावर मुगाएवढा हिरवट ठिपका दिला. आत्याबाईंनी चित्र पाहिले तेव्हा त्यांचे लक्ष आधी तिकडेच गेले. चित्र दिवाणखान्यात लागले नाही. ते त्यांच्या खोलीत आहे. पणजोबा एकटेच बाहेर. थोरल्या भावांनी आपल्या वाट्याचे पैसे मात्र चोख दिले.

आता ज्यांच्या मनात यंदा असे चित्र करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. जुन्या फोटोवरून ओले फडके कदापि फिरवू नये. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये. काचेसकट त्याची मोठी, स्वच्छ प्रत काढून घ्यावी. मागचा पुठ्ठा फेकू नये. त्यावर स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असते आणि त्यावरून फोटोचा काळ लागतो. कागदावर अंड्यातल्या पांढऱ्याचा थर देण्याची जुनी रीत होती, तो थर काळाने पिवळा पडतो. छापताना रसायन नीट धुतले गेले नसेल, तर चांदीची प्रतिमाच उडू लागते. मुंबईची दमट हवा आणि कसर उरलेले काम करतात. तेव्हा प्रत काढायला पुढच्या दिवाळीची वाट पाहू नये.

फोटो उलटा छापला गेला आहे का, हेही पाहावे. नथ डाव्या नाकपुडीत आणि जानवे डाव्या खांद्यावर असावयास हवे. तसे नसेल तर उजव्याचे डावे झाले असे समजावे, आणि चित्रकाराला आधीच सांगावे.

दिवाळीत चार घरची माणसे एकत्र येतात. फराळ झाल्यावर फोटो मधे ठेवावा आणि वडीलधाऱ्यांना विचारावे. "आजोबा कसे होते?" असे विचारू नका, उत्तर "देवमाणूस" एवढेच येते. उपरण्याचा काठ कसला होता, गंध उभे की आडवे, हसताना दात दिसत का, चालताना कोणता पाय ओढत, असे बारीकसारीक विचारावे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर भांडू द्यावे. भांडणात आणखी दोन गोष्टी बाहेर येतात. आणि जे कळेल ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण पुढच्या खेपेला सांगणारे माणूस असेलच असे नाही.

तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेले असतात. ते वरून चार-आठ दिवसांत सुकले असे वाटते. आतून सुकायला महिने लागतात. म्हणून वॉर्निश निदान सहा महिन्यांनी द्यावे, घाई करू नये. चित्राला काच लावत नाहीत, तेव्हा श्राद्धाच्या दिवशी त्यावर गंध-कुंकू लावू नये आणि ओला हार थेट कापडाला टेकू देऊ नये. गंध लावायचेच असेल तर चौकटीला लावावे. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगताना मागे बोटभर फट राहील अशी लाकडाची चकती ठोकावी. समोर उन्हाची खिडकी नको, आणि खाली उदबत्तीचे घरही नको.

आणि चित्र घरी आले, की मागच्या बाजूला माणसाचे नाव, जन्ममृत्यूची साले, कोणत्या फोटोवरून चित्र केले आणि रंग कुणाच्या सांगण्यावरून दिले, एवढे लिहून ठेवावे. ते मागच्या लाकडी पट्टीवर लिहावे, कापडावर लिहू नये. शाई कापडातून पुढे उतरते.